वेल्डिंग पोझिशनरसाठी १९:१ सायक्लॉइडल गिअरबॉक्स : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५ : कशासाठी

पोझिशनर म्हणजे वेल्ड करायचा तुकडा (जॉब) फिरवणारे यंत्र. त्याचे टेबल ३०० मिमी व्यासाचे, वेग मिनिटाला १ ते ६ फेरे. सध्या त्यावर २०:१ चा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो तो) आहे. ब्रॉन्झचे चाक एका बाजूने झिजले आहे. मोटर लॉक करून टेबलावर २०० मिमी हाताच्या टोकाला डायल गेज लावला, हाताने मागे-पुढे केले, तर २.६ मिमी खेळ (ढिलेपणा) मिळतो. म्हणजे सुमारे ४५ आर्कमिनिट (६० आर्कमिनिट = १ अंश). गोल पाइपच्या वेल्डमध्ये सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे टेबल दचकते आणि वेल्डचा मणी (वितळून बसलेल्या धातूची रेघ) जाड होतो.

नवे ब्रॉन्झ चाक टाकून काम भागले असते, आणि स्वस्तात भागले असते. पण वर्ममध्ये दात दातावर घासतच सरकतो. दुरुस्त करावे, वर्षभराने पुन्हा तीच वेळ. हार्मोनिक ड्राइव्हला खेळ जवळजवळ नसतो, पण त्याची पातळ लवचीक वाटी धक्का सोसत नाही, आणि टेबलावर जड जॉब टाकताना धक्का बसतोच. सायक्लॉइडल घेण्याचे खरे कारण हे. यात एका वेळी एक-दोन दात नाही, बऱ्याच पिना भार वाटून घेतात. व्यापारी सायक्लो गिअरबॉक्सच्या कॅटलॉगमध्ये क्षणिक धक्क्याची मर्यादा नेहमीच्या टॉर्कच्या ५०० टक्के दिलेली असते ती त्यामुळेच. रचना जुनीच आहे. लोरेंझ ब्रारेन या जर्मन अभियंत्याने १९३१ मध्ये म्युनिकला त्यासाठी कंपनी काढली, १९३७ मध्ये जपानच्या सुमितोमोने परवाना घेतला.

९ जानेवारी : रचना आणि आकडे

मोठ्या परातीत जेमतेम मावणारी ताटली ठेवा. ताटली काठाला टेकवून मधोमध बोट धरा आणि बोट गोल फिरवा. बोटाचा एक फेरा झाला की ताटली उलट दिशेने अगदी थोडी फिरलेली असते. परात म्हणजे पिनांचे कडे, ताटली म्हणजे पाकळ्यांची चकती, बोट म्हणजे एक्सेंट्रिक शाफ्ट (ज्याचा एक भाग केंद्रापासून बाजूला सरकवलेला आहे). ताटली घसरू नये म्हणून काठाला पाकळ्या.

पिना २०, पाकळ्या १९. कडे स्थिर धरून चकतीवरून आउटपुट घेतले तर प्रमाण १९:१ आणि दिशा उलटी. चकतीला फिरू न देता कड्यावरून आउटपुट घेतले तर २०:१ आणि दिशा तीच. आपल्याला पहिली मांडणी.

ठरवलेली मापे:
पिनांचे वर्तुळ ८० मिमी व्यास (त्रिज्या ४०), पिन ६ मिमी.
उत्केंद्रता (शाफ्टचा तो भाग केंद्रापासून जितका सरकलेला ते अंतर) १.२५ मिमी. उत्केंद्रता × पिना ÷ त्रिज्या = १.२५ × २० ÷ ४० = ०.६२५. हा आकडा १ च्या खालीच हवा. ०.५ ते ०.७५ मध्ये ठेवला की पाकळीला चांगली उंची मिळते आणि बेअरिंगवर बळही आवाक्यात राहते.
चकतीची सर्वांत मोठी त्रिज्या ४० + १.२५ − ३ = ३८.२५, खाचेत ३५.७५. पाकळीची उंची म्हणजे उत्केंद्रतेच्या दुप्पट, २.५ मिमी.
कड्याचा बोअर ८० मिमी. चकतीचे टोक कड्याच्या केंद्रापासून ३८.२५ + १.२५ = ३९.५ मिमीपर्यंत पोचते, त्यामुळे ७९ च्या बोअरमध्ये ते घासणार. ८० घेतल्याने पिनेची खाच बरोबर अर्धी येते.
आउटपुट पिना ६, त्यांचे वर्तुळ ४८ मिमी. पिनेवर ८ मिमी बाहेरव्यासाचे गनमेटलचे बुश. चकतीतले भोक ८ + २ × १.२५ = १०.५ मिमी. चकती गोल डोलते, भोक पिनेभोवती डोलते, आणि बाहेर जाते ती फक्त चकतीची संथ फिरत.
एक्सेंट्रिकवर ६९०३ बेअरिंग (१७ × ३० × ७), शाफ्टच्या टोकांना ६००१.

१३ जानेवारी : पाकळीचा आकार

स्प्रेडशीटमध्ये घातलेले सूत्र. त्र = ४०, प = पिनेची त्रिज्या, उ = १.२५, न = २०, थ = ० पासून एक पूर्ण फेरा (रेडियनमध्ये; अंशात टाकले की चकतीऐवजी रांगोळी निघते).

फ = आर्कटॅन [ साइन((१−न)थ) ÷ ( त्र/(उ×न) − कॉस((१−न)थ) ) ]
क्ष = त्र कॉस(थ) − प कॉस(थ+फ) − उ कॉस(न थ)
य = −त्र साइन(थ) + प साइन(थ+फ) + उ साइन(न थ)

सूत्रात प = ३.०० टाकले तर चकती शून्य मोकळीकीची निघते आणि जागच्या जागी अडकते. मोकळीक द्यायची ती इथेच, प थोडा वाढवून. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या नमुन्यासाठी ३.१५, धातूसाठी ३.०३.

या मोकळीकीचा आउटपुटवर किती परिणाम होतो ते आधी काढून ठेवले. पाकळीवरच्या बळाचा हात जास्तीत जास्त उत्केंद्रता × पाकळ्या = २३.७५ मिमी. म्हणजे ०.०३ मिमी फट = ०.०३ ÷ २३.७५ रेडियन = एका बाजूला ४.३ आर्कमिनिट, दोन्ही बाजू मिळून ८.७. आउटपुट भोक १०.५४ ठेवले तर ०.०४ ÷ २४ = आणखी ५.७. एकूण १४ च्या आसपास. पिनांचे वर्तुळ ८० मिमीचे असले तरी खेळ ठरतो तो या २४ मिमीच्या हातावर. शतांश मिलिमीटरला इथे एवढी किंमत आहे ती म्हणून.

दुसरी गोष्ट बिंदूंची संख्या. पाकळीला १० बिंदू घेतले तर दोन बिंदूंतले अंतर सुमारे १.३५ मिमी, आणि खाचेतल्या ३.५ मिमी त्रिज्येवर सरळ रेषा वक्रापासून ०.०६ मिमी सुटते. दिलेल्या मोकळीकीच्या दुप्पट! पाकळीला १०० बिंदू, एकूण १९००.

२० जानेवारी : छापील नमुना

पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचे प्लास्टिक) एक चकती, कडे, आउटपुट प्लेट. पिना मात्र खऱ्या, ६ × २४ च्या कडक डॉवेल पिना. खेळ हिशेबाने १.२ अंश यायला हवा, मिळाला १.४. नमुना मापासाठी नव्हताच, हालचाल पटण्यासाठी होता. तेवढे काम झाले.

यातून दोन गोष्टी कळल्या. आउटपुट पिना एका बाजूनेच धरल्या होत्या. हाताने जोर दिला की त्या वाकतात आणि टेबल स्प्रिंगसारखे परत येते. डायलवर हा प्रकार खेळासारखाच दिसतो, पण मोकळीक कमी करून तो जात नाही. धातूच्या आवृत्तीत पिनांच्या दुसऱ्या टोकालाही प्लेट घ्यायची. दुसरे, स्टेपर मोटरचे अंग तासाभरात हात ठेववणार नाही इतके तापते आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास नरम पडते. फ्लँजची भोके लांबट झाली. मोटरला लागून असलेला भाग छापायचा नाही.

एकाच चकतीमुळे थरथर येते. धातूत चकती सुमारे १९० ग्रॅमची होईल. १५०० आरपीएमला १.२५ मिमीवरून ती ६ न्यूटनने शाफ्ट हलवेल. आपला वेग ११४ आरपीएमपर्यंतच, तेव्हा तोलासाठी एक चकती चालली असती. दोन घेतल्या त्या एक्सेंट्रिक बेअरिंगवरचा एकतर्फी भार मोडायला.

२९ जानेवारी : चकत्या आणि कडे, वायरकट

वायरकट म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारी बारीक तार. माल ईएन २४ (मिश्र पोलाद), आधीच कडक केलेला ८ मिमी प्लेट. कापल्यावर हीट ट्रीटमेंट नको, पाकळ्या वाकड्या होतात. दोन प्लेटा एकावर एक बोल्टने आवळून एकदम कापल्या, म्हणजे दोन्ही चकत्या तंतोतंत सारख्या. वायरकटचा दर कापलेल्या चौरस मिलिमीटरवर असतो. बाहेरची कड सुमारे २५६ मिमी, भोके धरून ५४७, गुणिले १६ = ८७५० चौ. मिमी. सात स्टार्ट होल ३ मिमी ड्रिलने आधी पाडून दिली.

ऑपरेटरला काय सांगायचे ते लिहूनच द्यावे: ‘ड्रॉइंगमधली रेघ म्हणजे तयार माप. वायरचा ऑफसेट मशीनवर द्या, बाकी मोकळीक देऊ नका.’ ०.२५ च्या वायरला स्पार्क धरून ०.१३ ते ०.१४ ऑफसेट लागतो. तो चुकून राहिला तर चकती चारी बाजूंनी तेवढी बारीक होते, आणि बारीक झालेली चकती पुन्हा जाड करता येत नाही.

सोडवण्याआधी दोन्ही चकत्यांच्या एकाच पाकळीवर पंचने टिंब मारले. हे विसरू नये. पुढे जोडणीत सगळे त्यावर आहे.

३ फेब्रुवारी : एक्सेंट्रिक शाफ्ट

लेथच्या फोर-जॉ चकमध्ये डायल लावून ऑफसेट घेतला. एका फेऱ्यात डायल २.५० फिरला पाहिजे, १.२५ नाही, पहिल्यांदा करणाऱ्याची चूक इथे होते. पहिले जर्नल, म्हणजे बेअरिंग बसायची जागा, १७ मिमीला (बेअरिंग हाताने दाबून बसेल इतके) झाल्यावर शाफ्ट बरोबर १८० अंश फिरवून दुसरे. १ अंश चुकला तर दुसरी चकती १ ÷ १९ अंश, म्हणजे ३ आर्कमिनिट सरकून बसते, आणि दोन चकत्या आपसात ओढाताण करतात. मोकळीक इतकी कमी आहे की ३ मिनिटेही जाणवतात. व्ही-ब्लॉकवर तपासले, चूक पाव अंशाच्या आत.

दोन जर्नलमध्ये १ मिमीची कॉलर, २० मिमी व्यासाची. जर्नलची उंच बाजू केंद्रापासून ९.७५ वर असल्याने याहून लहान चालत नाही, आणि फार मोठी केली तर खोल बाजूने बेअरिंगच्या पिंजऱ्याला लागते.

८ फेब्रुवारी : पहिली जोडणी

पिना २५ आणल्या, मायक्रोमीटरने मोजून २० निवडल्या. ६ मिमी डॉवेलचे टॉलरन्स एम६, म्हणजे ६.००४ ते ६.०१२. निवडलेल्या सगळ्या ६.००६ ते ६.००९ मध्ये. पिना खाचेत ग्रीसने चिकटवून बसवायच्या, नाहीतर चकती आत घालेपर्यंत दोन-चार खाली पडतातच.

दुसरी चकती बसेना. पिनांच्या कड्यात उतरते, पण आउटपुट भोके पिनांपासून जवळजवळ ४ मिमी सरकलेली. कारण: दोन्ही टिंबे एका रेषेत ठेवली होती. एक्सेंट्रिक १८० अंशांवर असताना चकती अर्ध्या पाकळीने, ९.४७ अंश, फिरलेली असावी लागते, आणि २४ मिमी त्रिज्येवर ते ४ मिमीच होतात. टिंबे समोरासमोर, १८० अंशांवर ठेवली की सगळे जुळते. पिना सम (२०) आणि आउटपुट भोके सम (६) असल्यामुळेच हे जमते. पाकळ्या २० आणि पिना २१ घेतल्या असत्या तर दुसऱ्या चकतीची भोके वेगळ्या कोनात पाडावी लागली असती, एकदम कापायची सोय गेली असती.

फिरवून पाहिले. घट्ट. काही ठिकाणी पाना लावावा लागतो.

११ फेब्रुवारी : घट्टपणा आणि कार्यक्षमता

आउटपुटवर १०० मिमी पुली, १० किलो वजन: ४.९ न्यूटन-मीटर. इनपुटवर ४० मिमी पुलीला वजन टांगत गेलो. घर्षण नसते तर १.३२ किलोला ते उचलले गेले असते. प्रत्यक्षात एकसारखे उचलायला २.०५ किलो लागले. ६४ टक्के. सायक्लॉइडलसाठी हे लाजिरवाणे आहे. इतके तर बरा वर्मही देतो.

दोष कड्याच्या खाचांत. खाच ६.०० कापली आहे, पिन ६.००८. पिन खाचेच्या तोंडाशीच अडकते, तळाला टेकत नाही. परिणाम दोन: पिन थोडी आत उभी राहून ०.०३ ची मोकळीक खाते, आणि ती फिरत नाही. पाकळी मग पिनेवरून लोळण्याऐवजी घासत जाते. ग्रीसही नेहमीचे बेअरिंगचे, एनएलजीआय २ (घट्टपणाची श्रेणी; आकडा लहान तितके पातळ), एवढ्या लहान गिअरबॉक्सला जड.

१५ फेब्रुवारी

कडे परत वायरकटवर चढवून खाचा स्किम कटने (अगदी हलक्या कापाने) ६.०३ केल्या. पिना बोटाने फिरतात. ग्रीस एनएलजीआय ० चे लिथियम ईपी, पोकळीच्या एक तृतीयांश. आता १.६० किलोला वजन उचलले जाते: ८२ टक्के. खेळ २०० मिमीवर ०.९ मिमी, सुमारे १५ आर्कमिनिट. हिशेबातले १४ आणि हे, फार अंतर नाही.

याहून कमी हवा असेल तर पिनांवर वेगळे रोलर आणि ग्राइंड केलेल्या पाकळ्या लागतात. रोबोटच्या सांध्यातल्या आरव्ही प्रकारात आधी साधा प्लॅनेटरी टप्पा आणि मग सायक्लॉइडल असतो, तिथे खेळ १ आर्कमिनिटपर्यंत आणतात. ते ग्राइंडिंगचे काम आहे, वायरकटचे नाही. कागदावर २० पैकी १० पिना भार घेतात. आपल्या मोकळीकीत तीन-चार घेत असतील असे धरूनच पुढचे आकडे काढावेत.

१९ फेब्रुवारी : खटका

मोटर जोडली (नेमा २३ मापाची स्टेपर, १.९ न्यूटन-मीटर). भार दिल्यावर ठराविक खटका ऐकू येतो. दोष पिनेत की पाकळीत हे उघडल्याशिवाय कळते: टेबलावर खूण करून एका पूर्ण फेऱ्यात खटके मोजायचे. खराब पिन कड्याला बांधलेली आहे, इनपुटच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा लागते, म्हणजे टेबलाच्या एका फेऱ्यात १९ वेळा. खराब पाकळी चकतीबरोबर उलटी फिरत असते, एक्सेंट्रिक तिला गाठतो ते २० वेळा. खटका इनपुटच्या त्याच कोनात येत राहिला तर पिन, हळूहळू सरकत गेला तर पाकळी. मोटरच्या शाफ्टवर खडूची रेघ मारून बघितले तरी पुरते.

मोजले: २०. उघडले. टिंबाच्या पाकळीपासून तिसऱ्या पाकळीच्या उतारावर नखाला लागेल एवढी बारीक गाठ. वायर जिथून आत गेली आणि जिथे बाहेर आली ती जागा. दोन्ही चकत्या एकदम कापल्यामुळे गाठ दोघींवर, आणि टिंबे १८० अंशांवर असल्याने दोघींचा खटका एकाच क्षणी. म्हणून एवढा मोठा. ऑइल स्टोनने घासून काढली. पुढच्या वेळी वायरची सुरुवात पाकळीच्या टोकावर ठेवायची. टोकावर भार येत नाही आणि दगड तिथे सहज पोचतो.

२४ फेब्रुवारी : मागे फिरणे

टेबल आडव्या अक्षावर घेऊन ८ किलोचा जॉब केंद्रापासून १२० मिमीवर बांधला आणि मोटरचा ड्रायव्हर (तिला वीज देणारे सर्किट) बंद केला. जॉब खाली आला. अपेक्षितच होते. ९.४ न्यूटन-मीटर भाग १९, घर्षण वजा जाता मोटरवर ०.४ उरतात, वीज नसताना स्टेपर त्याच्या एक पंचमांशही धरत नाही. जुना वर्म हे काम फुकटात करत होता, आणि वर्म काढताना ही गोष्ट हटकून विसरली जाते.

उपाय: मागच्या बाजूलाही शाफ्ट असलेली मोटर आणि तिच्यावर २४ व्होल्टचा ब्रेक, २ न्यूटन-मीटर, वीज गेली की लागणारा. ब्रेक इनपुटला लावल्याने लहान पुरतो. तिथे अर्धा अंश सरकला तरी टेबल दीड-पावणेदोन आर्कमिनिटेच हलते.

२ मार्च : वेल्डिंगचा करंट

चाचणी वेल्डनंतर गिअरबॉक्स पुन्हा खरखरू लागला. उघडल्यावर दोन पिनांवर आणि आउटपुट बेअरिंगच्या वाटेवर राखाडी टिपके, भिंगातून पाहिले तर वितळलेले खड्डे. अर्थ क्लॅम्प फ्रेमला लावला होता; करंट टेबल, आउटपुट पिना, चकती, कड्याच्या पिना असा जाऊन फ्रेमला मिळत होता. पिन आणि पाकळी यांच्यात तेलाचा पातळ थर आणि रेषेपुरताच स्पर्श, तेव्हा ठिणगी पडणारच. जुन्या वर्ममध्येही हे होत असावे, ब्रॉन्झच्या झिजेत दिसून आले नाही इतकेच.

टेबल आणि आउटपुट फ्लँज यांच्यात ३ मिमी हायलमची (वीजरोधक लॅमिनेटची) चकती, बोल्टांना हायलमचेच बुश आणि वॉशर. टेबलाच्या खालच्या कडेला स्प्रिंगने दाबलेला तांब्या-कार्बनचा ब्रश, अर्थ केबल थेट त्याला. मल्टिमीटरने टेबल ते फ्रेम तपासले, जोड नाही. खड्डे पडलेल्या दोन पिना बदलल्या (राखीव पाचपैकी), बेअरिंग नवे.

२३ मार्च : ४० तासांनंतर

उघडले. ग्रीस करडे झाले आहे, चुंबकावर बारीक भुकटी, किस नाही. पाकळ्यांच्या उतारावर चकचकीत पट्टे, टोके आणि खाचा जशाच्या तशा. गनमेटल बुश एका बाजूने ०.०१ झिजले आहेत. खेळ ०.९ चा १.० मिमी.

धुऊन नवे ग्रीस भरले. बुशचे सहा नग जादा करून पेटीत ठेवले आहेत. पुढची तपासणी २०० तासांवर, त्याआधी खटके १९ किंवा २० ऐकू आले तर लगेच. ब्रेकची वायर ड्रायव्हरच्या एनेबलवर (चालू-बंद सिग्नलवर) आहे, ब्रेक सोडवून टेबल हाताने फिरवायचे नाही; जॉब आधी उतरवावा.